दार लावा, थंडी जाते

मे महिन्याच्या भर दुपारी लालबागच्या रस्त्यावर माकडटोपी आणि पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून उसाचा रस पिणारा माणूस तुम्हाला दिसला, तर तो वेडा आहे असं समजू नका. ते आमचे आंबेरकर. आमच्या सहकारी बँकेच्या सिस्टीम खात्याचे ते प्रमुख, आणि त्या खात्यात दुसरं कोणी नसल्यामुळे हाताखालचे कर्मचारीही तेच. टोपी काढायला ते विसरलेले नसतात. पाच मिनिटांसाठी कोण काढणार आणि परत कोण घालणार, असा त्यांचा हिशेब असतो. रसवाल्याला मात्र ते "बर्फ नको" असं दोनदा बजावतात. त्यांना सर्दी होते म्हणे.

बँकेचं नाव मी सांगत नाही. तुमचं खातं असलं तर उगाच धसका घ्याल. मुख्य कचेरी लालबागलाच, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, आणि बरोबर खाली मसाला कुटायची गिरणी. मी आस्थापना विभागात, म्हणजे लोकांच्या रजा मंजूर करणे आणि त्याबद्दल शिव्या खाणे हे माझं काम. माझ्या टेबलाच्या पाठीला सर्व्हर रूमचं दार होतं. त्यामुळे आंबेरकरांचा सगळा संसार मला बसल्या जागी ऐकू यायचा.

बँकेचे सगळे व्यवहार ज्या मोठ्या कॉम्प्युटरांवर चालतात, ते सर्व्हर त्या खोलीत एका लोखंडी कपाटात रचून ठेवलेले होते. ही मशीनं तापट. त्यांना थंड ठेवायला खोलीत बाराही महिने एसी, आणि एसी अठरावर. बाहेर आम्ही बाकीचे कर्मचारी पंख्याखाली, आणि पंखे असे की घाम वाळत नसे, फक्त कागद उडत. मशीनला थंडी आणि माणसाला पंखा, हा न्याय आम्ही इतकी वर्षं सोसला.

या अठराचा आंबेरकरांच्या डोक्यावर फार परिणाम झाला होता. काउंटरवर एखादा खातेदार आवाज चढवू लागला की ते आतून डोकं बाहेर काढून म्हणत, "अठरावर ठेवा, काका, अठरावर." खातेदार बिचारा गोंधळून गप्प बसे. कोणाचा मुलगा नापास झाला, अठरावर ठेवा. कोणाची सासू राहायला आली, अठरावर ठेवा. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी स्टेजवर येऊन अहेर दिला आणि "दोघांनी डोकी अठरावर ठेवा" असा आशीर्वाद दिला. जावई अजून मला अधूनमधून विचारतो की त्या टोपीवाल्या गृहस्थांना नेमकं काय म्हणायचं होतं.

त्यांचं दुसरं वाक्य "दार लावा, थंडी जाते." सर्व्हर रूममध्ये पाऊल टाकताच हे कानावर पडायचं. तुम्ही दार लावत असलात तरी पडायचं, लावून झालं असलं तरी पडायचं. एकदा आम्ही सगळे नायगावला एका सहकाऱ्याच्या घरी सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला गेलो होतो. दहा बाय दहाची खोली, त्यात वीस माणसं, वर होमाचा धूर नसला तरी उदबत्त्यांचा होताच. वीज गेलेली. दारातून कोणीतरी आत आलं आणि कोपऱ्यातून आंबेरकरांचा आवाज आला, "दार लावा, थंडी जाते." भटजींचा मंत्र चुकला.

आता त्या खोलीची खरी गंमत सांगते. बँकेच्या कागदोपत्री ती सर्व्हर रूम होती, पण प्रत्यक्षात तो आमचा सगळ्यांचा फ्रिज होता. हळदीकुंकवाचे गजरे, लग्नाला जायचं असलं तर वेण्या, पाटीलबाईंचं इन्शुलिन, देवगडहून आलेली हापूसची पेटी लवकर पिकू नये म्हणून, कोणाच्या घरी पाहुणे यायचे असले की मळून ठेवलेली कणीक, सगळं तिथे. एक बंधन होतं. मासे चालणार नाहीत. स्वतः आंबेरकर मालवणचे, बांगड्यावर जीव टाकणारे, पण मशीनपुढे बांगडा नाही. सर्व्हरला ते म्हातारी म्हणत. "म्हातारी शाकाहारी आहे," असं ते गंभीरपणे सांगत. एकदा चेक क्लिअरिंगच्या सावंतांनी तीन पिशव्यांत गुंडाळून सुकट आत सरकवली. त्या दिवशी सगळ्या शाखांतली मशीनं जरा हळू चालली, तर त्याचा ठपका सुकटीवर आला.

दारावर बोटाचा ठसा घेणारं यंत्र होतं, पण आंबेरकरांना ते पसंत नव्हतं. ठसा घेतं आणि उघडतं, विचारपूस काही करत नाही, अशी त्यांची तक्रार. म्हणून त्यांनी ते बंद ठेवलं होतं. दार वाजवायचं. वाजवण्यावरून त्यांना माणूस कळायचा. सावंत मूठ आपटायचे, पाटीलबाई बांगड्यांनी वाजवायच्या, माझ्या दोन टिचक्या आणि जरा थांबून तिसरी. "कोण?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. आतून एकच प्रश्न यायचा, "काय आणलंय?" मग आपण सांगायचं, गजरा. मग तो कोणासाठी, कार्यक्रम कुठे, भावजय येणार का, ती बोलते का आता, हे सगळं झाल्यावर गजरा एसीच्या समोरच्या फळीवर जायचा. बँकेत कोणाचं कुठे जुळतंय आणि कोणाचं कुठे फाटतंय हे चेअरमनसाहेबांना माहीत नसे, पण आंबेरकरांना असे. त्यांनी ते कोणाला सांगितल्याचं मात्र मला आठवत नाही.

संकटाची सुरुवात मसाल्याने झाली. उन्हाळ्यात अख्खं गिरणगाव वर्षाचा मसाला करून घेतं. खाली गिरणी दिवसभर धडधडायची आणि लाल तिखटाचा ढग जिन्यातून वर यायचा. आम्हाला सवय होती. मागच्या वर्षी त्याच दिवसांत बँकेच्या तपासणीसाठी एक अधिकारी आले, फार शिस्तीचे, पांढराशुभ्र शर्ट. सर्व्हरचं झाकण उघडून दाखवा म्हणाले. आंबेरकर नको नको म्हणत होते. झाकण उघडलं, आतला पंखा फिरला, आणि साहेबांना जी शिंक आली ती त्यांची तपासणी संपेपर्यंत थांबली नाही. प्रश्न शिंकेत, उत्तर ऐकणं शिंकेत, निरोपाचा नमस्कारही शिंकेत. अहवालात शेरा आला, सर्व्हर कक्षात मिरचीपूड आढळली. आंबेरकरांनी त्यावर लेखी हरकत घेतली. मिरचीपूड नव्हे, मालवणी मसाला, असं त्यांचं म्हणणं. लिहायचं तर नीट लिहा.

त्यावर कदाचित निभावलंही असतं, पण या वर्षीच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी चक्का झाला. श्रीखंडासाठी फडक्यात बांधलेलं दही रात्रभर टांगून ठेवावं लागतं, आणि मुंबईच्या उकाड्यात ते आंबट होतं, म्हणून आमच्यातल्या बऱ्याच जणी पुरचुंड्या सर्व्हर रूममध्ये टांगत. त्या दिवशी एक पुरचुंडी फारच मोठी होती. ती कोणाच्या घरून आली हे सगळ्या बँकेला माहीत होतं, कारण चेअरमनसाहेबांचा ड्रायव्हर ती दोन हातांनी उचलून घेऊन आला होता. आंबेरकरांनी ती लोखंडी कपाटाच्या टोकाला बांधली. खाली पातेलंही ठेवलं. पण पातेलं नेहमीच्या पुरचुंडीच्या मापाचं होतं.

भर दुपारी, काउंटरवर रांगा असताना, सगळ्या शाखा एका क्षणी थांबल्या. दह्याचं पाणी पातेल्यातून ओसंडून, ज्या डब्यातून सगळ्या शाखांच्या तारा जातात त्या डब्यात उतरलं होतं. घाटकोपर शाखेचा फोन, ठाण्याचा फोन, सगळ्यांचे फोन. आंबेरकरांनी अठरावर राहून मुख्य बटण बंद केलं, डोक्यावरची माकडटोपी काढून त्या टोपीनेच डबा पुसला, आणि समोरच्या ब्युटी पार्लरमधून केस वाळवायचं मशीन मागवलं. ज्या बाईचे केस अर्धे ओले राहिले होते ती मशीनच्या मागोमाग बँकेत आली. संध्याकाळी शाखा सुरू झाल्या तेव्हा आधी तिने टाळ्या वाजवल्या.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष खुद्द चेअरमनसाहेब. चक्का कोणाचा, असा प्रश्न आंबेरकरांना विचारला गेला. ते चेअरमनसाहेबांकडे बघत म्हणाले, आठवत नाही. समितीने निष्कर्ष काढला की चक्का अज्ञात इसमाचा होता. दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना चेअरमनसाहेबांकडून एकेक वाटी श्रीखंड आलं. छान झालं होतं, केशर भरपूर.

पण आमचे नवे मुख्य अधिकारी कर्णिकसाहेब गप्प बसणाऱ्यातले नव्हते. गिरगावातलं जुनं घराणं, शिक्षण परदेशात, वय आंबेरकरांच्या नोकरीइतकं. त्यांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं आणि पडद्यावर चित्रं दाखवली. आपले सर्व्हर नवी मुंबईत एका सामाईक डेटा सेंटरमध्ये न्यायचे. तिथे अनेक बँका आणि कंपन्या एकाच मोठ्या इमारतीत आपापली मशीनं ठेवतात आणि खर्च वाटून घेतात. विजेच्या दोन वेगळ्या लाइनी, जनरेटर, आग लागली तर पाणी न वापरता विझवणारा वायू, चोवीस तास पहारा, चोरांवर, म्हणजे कॉम्प्युटरातून शिरणाऱ्या चोरांवर, लक्ष ठेवायला तज्ज्ञ माणसं. शिवाय आपल्या सगळ्या माहितीची एक प्रत दुसऱ्या शहरात, म्हणजे मुंबई बुडाली तरी खाती तरंगतील. आपल्यासारख्या छोट्या बँकेला हे सगळं एकट्याने करायचं म्हटलं तर दिवाळं निघेल, आणि नियम तर दिवसेंदिवस कडक होतायत. शेवटच्या चित्रात एक लाल फुली मारलेली पुरचुंडी होती. लोक हसले.

कारणं खरोखर चांगली होती. मला तर पटली. मागे बसलेले आंबेरकर उभे राहिले.

"साहेब, तुम्ही कधी सामाईकमध्ये राहिलायत?"

कर्णिकसाहेब म्हणाले, नाही, आमचा ब्लॉक स्वतंत्र आहे.

"मग तुम्हाला कौतुक वाटणारच," आंबेरकर म्हणाले आणि बोलत सुटले. त्यांचा जन्म करी रोडच्या चाळीतला. अख्ख्या मजल्याला टोकाला सामाईक संडास. सकाळी डबा घेऊन रांग, रांगेत नंबर लावून ठेवलेलं कोणाचं तरी डबडं, आतल्याला बाहेरून हाका, झाडायची पाळी कोणाची यावर पिढीजात भांडणं. त्यांची बायको, सुनंदावहिनी, लग्न होऊन त्या चाळीत आली आणि रोज उजाडायच्या आधी उठून जाऊन यायची, का, तर नंतर रांगेत पुरुष उभे असतात. म्हातारीला आम्ही स्वतंत्र खोली दिली, स्वतंत्र एसी दिला, आणि आता उतारवयात तिला सामाईकात घालता? इतकं बोलून ते बसले. सभागृहात कोणी हसलं नाही. संडासाचा विषय पडद्यावरच्या चित्रांत कुठेच नव्हता, तरी कर्णिकसाहेबांनी ती सगळी मागेपुढे करून पाहिली. शेवटी ते म्हणाले, आंबेरकर, तुम्ही स्वतः येऊन जागा बघा, मग बोलू.

म्हणून श्रावणातल्या एका सकाळी बँकेच्या गाडीतून आम्ही तिघं नवी मुंबईला गेलो. कर्णिकसाहेब सही करायला, मी कागद सांभाळायला, आणि आंबेरकर मुलगी द्यायची त्या घराची पाहणी करायला. त्यांच्या मांडीवर पिशवी होती. त्यात स्वेटर, माकडटोपी, आणि म्हातारीची धूळ झटकायचा मऊ कुंचला.

इमारत प्रचंड, खिडकी एकही नाही. तिथली सगळी व्यवस्था प्रज्ञा कांबळे नावाच्या तिशीतल्या मुलीच्या हातात होती. मोठी हुशार, चालणं वेगाचं, बोलणं त्याहून वेगाचं. लोअर परळच्या चाळीत वाढलेली, हे मला नंतर कळलं, पण आंबेरकरांना बहुधा तिच्या पहिल्याच वाक्यात कळलं असावं. ती कर्णिकसाहेबांना इंग्रजीतून माहिती देत होती. आंबेरकरांनी मध्येच विचारलं, पाणी किती वाजता येतं?

कर्णिकसाहेबांनी कपाळाला हात लावला. प्रज्ञा थांबली, आंबेरकरांकडे नीट बघितलं आणि सरळ मराठीत आली. म्हणाली, चोवीस तास येतं काका, थंडाव्यासाठी लागतंच. दोन लाइनी आहेत, वर टाकी आहे, टँकरचा करार आहे. टँकरचं नाव निघताच आंबेरकरांचा चेहरा जरा सैल झाला. मग त्यांनी एकामागून एक विचारलं. झाडायची पाळी कोणाची? आमचीच, भाडेकरूंना हात लावू देत नाही. भाडेकरू म्हणता तुम्ही यांना? हो काका, भाडेकरूच म्हणतो. कुलूप?

"प्रत्येकाचं आपापलं," प्रज्ञा म्हणाली. "आमच्या चाळीत संडासाला असायचं ना, ज्याच्या त्याच्या दाराला ज्याचं त्याचं, तसंच. चावी तुमच्याकडे."

आंबेरकर हसले. मी त्यांना कचेरीच्या कामात हसताना फारसं पाहिलेलं नाही. आत मशीनांच्या लांबच लांब रांगा होत्या, मध्ये चिंचोळ्या वाटा, दोन्ही बाजूंना जाळीच्या खोल्या. मशीनांच्या पुढच्या वाटेत थंडगार हवा आणि पाठीमागच्या वाटेत मशीनांनी टाकलेली गरम हवा. आंबेरकर एकदा या वाटेत उभे राहिले, एकदा त्या वाटेत, आणि मला म्हणाले, "मॅडम, इकडे गजरे, तिकडे पापड." थंड वाटेत कर्णिकसाहेबांचे दात वाजायला लागले. त्यांचा शर्ट उंची पण पातळ होता. आंबेरकरांनी आपली माकडटोपी काढून त्यांच्या डोक्यावर चढवली आणि हनुवटीखाली नीट ओढली. कराराच्या पहिल्या पानावर बँकेतर्फे सही करतानाचा फोटो आहे, त्यात आमचे मुख्य अधिकारी माकडटोपीत आहेत. तो फोटो वार्षिक अहवालात छापायचं पुढे टळलं.

पण त्याआधी एक गोष्ट झाली. आमची जाळीची खोली दाखवून झाल्यावर आंबेरकरांनी सहज विचारलं, शेजारी कोण?

प्रज्ञा म्हणाली की ते सांगता येत नाही. करारातच आहे. शेजारी कोण हे तुम्हाला कळणार नाही आणि तुम्ही कोण हे शेजाऱ्याला कळणार नाही. त्यातच सगळ्यांची सुरक्षितता.

"आणि येऊनजाऊन कोण असतं इथे?"

"कोणीच नाही काका. महिनोन् महिने दार उघडावं लागत नाही. तीच तर गंमत आहे."

आंबेरकरांनी त्या रांगांकडे बघितलं. दिवे लुकलुकत होते, आणि सगळीकडून एकच घुं असा आवाज येत होता.

"म्हणजे ही चाळ नाही," ते म्हणाले. "टॉवर आहे."

परतताना गाडीत कर्णिकसाहेबांनी विचारलं, मग, काय ठरलं? आंबेरकर म्हणाले, म्हातारीला चालेल, तिची सोय उत्तम आहे. आणि खिडकीबाहेर बघत बसले. कर्णिकसाहेबांना एवढंच हवं होतं. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही, आणि का ते तेव्हा कळलं नाही.

गणपती झाले आणि म्हातारी गेली. खरं तर जुनं मशीन भंगारात गेलं आणि तिथे नवंच बसलं, पण आंबेरकरांसाठी ती म्हातारीच. निघताना त्यांनी लोखंडी कपाटाला हळदकुंकू लावलं. खोलीतला एसी बंद झाला आणि आम्ही आमचे गजरे, डबे, पाटीलबाईंचं इन्शुलिन बाहेर काढलं. पाटीलबाईंसाठी कर्णिकसाहेबांनी लगेच छोटा फ्रिज आणून दिला, तो माणूस वाईट नाही. सर्व्हर रूममध्ये स्टेशनरी भरली. आंबेरकरांना माझ्या शेजारचं टेबल मिळालं. काम एकच, डेटा सेंटरमधून रोज सकाळी येणारा संदेश वाचायचा. संदेशात रोज लिहिलेलं असायचं की सर्व सुरळीत आहे. आंबेरकर रोज उत्तर पाठवायचे, तापमान किती? प्रज्ञा न चुकता कळवायची, काका, काळजी नको. त्यानंतर दिवसभर त्यांना काही नसायचं. ते पंख्याखाली स्वेटर घालून बसत आणि स्टेशनरीच्या दाराकडे बघत. येणारेजाणारे मान हलवून पुढे जात. थांबायला कारण नव्हतं, कोणाच्याच हातात काही नव्हतं.

मग त्यांनी साठलेली रजा टाकली. मीच मंजूर केली. कारणाच्या जागी त्यांनी घरगुती असं लिहिलं होतं, आणि मला माहीत होतं की घरी कोणी नाही. चाळ पाडायला काढली त्याच वर्षी सुनंदावहिनी गेल्या. चाळीच्या जागी टॉवर झाला, त्यात आंबेरकरांना वर कुठेतरी उंचावर घर मिळालं. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले होते. बघायला मात्र कोणी गेलो नव्हतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी दरवर्षीच्या सवयीने दह्याची पुरचुंडी बांधून, पातेल्यात ठेवून बँकेत आणली. ऑक्टोबरचा उकाडा होता. सवयीनेच जाऊन त्या दारावर दोन टिचक्या आणि जरा थांबून तिसरी वाजवली. आतून शिपाई निघाला, हातात पावतीपुस्तकांचा गठ्ठा. "काय पाहिजे मॅडम?" म्हणाला. मी पातेलं घेऊन उभी. काय आणलंय असं कोणी विचारणारं नव्हतं. मला एकदम रडायला आलं, चक्क्यासाठी नाही. मी स्वतःचीच अर्ध्या दिवसाची रजा मंजूर केली आणि टॅक्सी करून करी रोडला गेले. टॅक्सीवाला सारखा मागे वळून पातेल्यातून काय गळतंय ते बघत होता.

टॉवरचा रखवालदार म्हणाला, आंबेरकर घरीच आहेत, खाली उतरतच नाहीत. लिफ्टने वर गेले. लांब गुळगुळीत बोळ, दोन्ही बाजूंना बंद दारं, एकसारखी. आवाज नाही. कुठून तरी एसीची घुं ऐकू येत होती. मी बेल दाबली, बेलमध्ये चिमण्या ओरडल्या. कोणी उघडलं नाही. पुन्हा दाबली. समोरचं दार साखळीपुरतं किलकिलं झालं आणि एका बाईने विचारलं, कोण पाहिजे? आंबेरकर, मी म्हटलं. ती म्हणाली, तिथे कोणी राहतं का? आणि दार लागलं.

मग मी पातेलं खाली ठेवलं आणि दारावर दोन टिचक्या मारल्या, आणि जरा थांबून तिसरी.

आतून लगेच आवाज आला, "काय आणलंय?"

"चक्का," मी म्हटलं. "टांगायचाय."

दार उघडलं. ऑक्टोबरच्या दुपारी स्वेटर आणि माकडटोपी. आतून थंडगार झोत आला. दिवाणखाना मोठा, एक खुर्ची, एक टीव्ही बंद, भिंतीवर सुनंदावहिनींचा फोटो, आणि एसी अठरावर. मी बेलबद्दल विचारलं तर म्हणाले की बेल सगळ्यांच्या बोटाला सारखीच वाजते, कुरिअरवाला काय आणि वर्गणीवाला काय, माणूस कळत नाही. पुरचुंडी त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि छताला झुंबरासाठी सोडलेल्या हुकाला बांधली. झुंबर कधी आणलंच नव्हतं. खाली मोठं पातेलं ठेवलं, या वेळी मापाचं. दिवाणखान्याच्या बरोबर मध्यभागी माझा चक्का ठिबकायला लागला आणि त्या घराला जरा घराची कळा आली.

मी म्हटलं, घर छान आहे हो. ते म्हणाले, सुनंदाला फक्त स्वतःचा संडास हवा होता, एवढंच ती मागायची. इथे दोन आहेत.

"एक बंदच असतो," ते म्हणाले. "दोन कोणाला लागतात?"

 ते खुर्ची मला देऊन स्वतः खिडकीच्या कट्ट्यावर बसले. एसी थंडीसाठी नाही लावत, म्हणाले, त्याच्या आवाजासाठी लावतो. डोळे मिटले की म्हातारीच्या खोलीत बसल्यासारखं वाटतं, आता कोणीतरी दार वाजवेल असं. चाळीत रांगेचा राग राग केला, पण रांगेत माणसं भेटायची. ते गेलं, तर बँकेत तुमचे गजरे होते. आता एकटं वाटतं, असं त्यांनी सरळ सांगितलं, हवामान सांगावं तसं. मी त्यांना म्हटलं की पाटीलबाईंच्या भाचीचं लग्न आहे, वेण्या कुठे ठेवायच्या म्हणून त्या हवालदिल झाल्यात, त्यांना इथला पत्ता देते. हे मी तिथल्या तिथे रचलं होतं, पण पाटीलबाईंना भाच्या पुष्कळ आहेत.

"वाजवायला सांगा," ते म्हणाले. "बेल नको."

मी बोलताना दार तसंच सताड उघडं राहिलं होतं. सगळी थंडी त्या गुळगुळीत बोळात चालली होती, आणि समोरचं दार पुन्हा साखळीपुरतं किलकिलं होऊन त्यातून एक डोळा झुंबराच्या जागच्या पुरचुंडीकडे बघत होता. इतक्या वर्षांचा धाक. मी चटकन उठले आणि दार लावायला गेले.

"राहू दे गो, बाय," मागून आंबेरकर म्हणाले. आजवर त्यांनी मला मॅडमशिवाय हाक मारली नव्हती. "असू दे उघडं."

"थंडी जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे," ते म्हणाले, आणि माकडटोपी काढून त्यांनी ती गुडघ्यावर ठेवली.